बाभळींना फुल्ल रेंज, गावाला नाही: चौथी तक्रार

प्रति,
विभागप्रमुख, नेटवर्क विभाग

विषय: औसा तालुक्यातील (जि. लातूर) आमच्या गावाकडचा बंद सेक्टर

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरशी 22 मिनिटं बोललो आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. टॉवर माझ्या रानात आहे. जागेचं भाडं टॉवर कंपनी देते हे मला माहीत आहे. वरचे अँटेना आणि खोके तुमचे, म्हणून पत्र तुम्हाला.

रोहिण्यांत वीज पडली त्या रात्री गावाकडच्या सेक्टरचा, म्हणजे टॉवरच्या गावाकडं तोंड असलेल्या भागाचा, आरआरयू गेला. आरआरयू म्हणजे अँटेनाला सिग्नल देणारा वरचा खोका. हा माझा शोध नाही. पट्टा बांधून वर चढलेला तुमचाच टेक्निशियन खाली उतरून म्हणाला, "मालक, खोका जळालाय. बदलावाच लागतो, मागणी टाकतो." पोरगा चांगला होता, चहा पिऊन गेला. पोळा झाला, बैलं धुऊन झाली, खोका अजून वाटेतच आहे.

तीन सेक्टर, प्रत्येकाच्या वाट्याला 120 अंश, हे तुम्हाला मी शिकवू नये. उरलेले दोन ठणठणीत आहेत. एकाचं तोंड उसाकडं, दुसऱ्याचं जुन्या गावठाणाकडं. ते गाव 1993 च्या भूकंपात पडलं. आता तिथं बाभळी आहेत आणि मातीचे ढीग. बाभळींना फोर-जी फुल्ल. माणसं राहतात त्या बाजूला दांडी नाही. पण दोन सेक्टर चालू म्हटल्यावर तुमच्या पडद्यावर टॉवर हिरवा, म्हणजे विषय संपला.

आता सकाळचं ऐका. उसाच्या बाजूनं टॉवरच्या पायाला पाठ टेकून बसलो आणि फोन लावला. बाईंनी आधी फोन बंद-चालू करायला लावला. मग विमानाचं चिन्ह दाबायला लावलं. मग सिम काढून पुसायला. पुसलं, धोतराला. पुन्हा फोन लावून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, कारण आता दुसऱ्या बाई होत्या.

"सर, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम दिसतंय. आपण टॉवरच्या जवळ जाऊन पाहाल का?"

"ताई, टॉवरला टेकूनच बसलोय."

"मग आता नेटवर्क येतंय का, सर?"

"येतंय, म्हणून तर तुमच्याशी बोलतोय."

"धन्यवाद सर. म्हणजे आपली समस्या सुटलेली आहे. तक्रार बंद करू का?"

मी नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. बोलत बोलत घराकडं निघालो, जनरेटरची खोली ओलांडली, बांधापर्यंत आलो आणि फोन कटला. त्यांना वाटलं असेल सर रागावले. नाही हो, सर गावाच्या दिशेनं चालले होते, एवढंच. दुपारी उसाला पाणी द्यायला गेलो तेव्हा मोबाईल वाजला: तक्रारीचं निवारण झालं, सेवेला 1 ते 5 गुण द्या. शून्याची सोय ठेवलेली नाही, हे मात्र हुशारीनं केलंत.

वीज गेली की दहा मिनिटांत उरलेले दोन सेक्टरही झोपतात. बॅटऱ्या फुगल्यात, जनरेटरला डिझेल नाही. ते टॉवर कंपनीचं काम, असं म्हणाल. म्हणा.

रेशनच्या मशीनसमोर बाया अंगठा घेऊन ताटकळतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या म्हातारीला रात्री दम लागला, तर 108 ला फोन लावायला नातू मोटारसायकलवर जुन्या गावठाणात गेला. बाभळीखाली उभं राहून त्यानं पत्ता सांगितला. म्हातारी वाचली, त्यात तुमचा वाटा नाही.

गावात पहिला टॉवर तुमचा म्हणून घराघरांत तुमचंच सिम आहे. पंधरा वर्षं दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं नाही, त्याची ही परतफेड. खोका बदला. तीन महिने एवढंच मागतोय. एक खोका.

तक्रार क्रमांक चारही सोबत जोडलेत, चारही "निवारण झालं" म्हणून बंद. त्यावर आजच तुमच्या अपील प्राधिकरणाकडं अपील टाकतोय. निकालाला 39 दिवसांची मुदत आहे, ती मी मोजणार. तोवर खोका आला नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा मेसेज 1900 ला पाठवायला सगळं गाव जुन्या गावठाणात जाऊन उभं राहील. तिथं तुमचं नेटवर्क उत्तम आहे.

तक्रारदार,
टॉवरखालच्या रानाचा मालक