इंग्रजीच्या तासाला मराठी चालू द्या

महोदय,

मी गोव्यातल्या साखळीची. मराठी शाळेतून निवृत्त झाले, आता संध्याकाळी सोप्यावर सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. परवा एका मुलीने वही पुढे केली. ‘इफ आय वेअर अ बर्ड’मधल्या ‘वेअर’वर तिने निळ्या पेनने काट मारून वर ‘वॉज’ लिहिले होते. म्हणाली, "बाई, आयला वॉज, वीला वेअर. पुस्तकात चुकलंय."

तिचे काय चुकले? शाळेत तिला ‘अपवाद आहे, पाठ कर’ एवढेच सांगितले होते. वर इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायला बंदी.

मी तिला दोन वाक्ये दिली. ‘मी संध्याकाळी घरी असते.’ ‘मी आत्ता घरी असते तर झोपले असते.’ ‘असते’ तेच, पण दुसऱ्या वाक्यात मी घरी नाही. आपल्या व्याकरणात हा संकेतार्थ, म्हणजे ‘असे असते तर’ सांगणारे रूप. इंग्रजीही तेच करते: भूतकाळाचे रूप घेते आणि त्यातून काळ नव्हे, कल्पना सांगते. (बोलताना ‘वॉज’ही चालते, पण परीक्षेत ‘वेअर’च लिहावे.) ‘वाळवंटी नदीला पूर आला तर बाजार बंद राहील’ हे मात्र खरोखर घडू शकते, म्हणून तिथे इंग्रजीत ‘जर’कडे साधा वर्तमानकाळ आणि ‘तर’कडे ‘विल’.

मुलांची नेहमीची चूकही मराठीतूनच कळते. ‘1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाची बाजू जिंकली असती, तर गोवा महाराष्ट्रात गेला असता.’ आपल्याकडे ‘असती’, ‘असता’ दोन्ही बाजूंना येते, म्हणून मुले ‘वुड’ही दोन्हीकडे घालतात आणि ‘इफ आय वुड बी’ लिहितात. इंग्रजीत ‘जर’कडे ‘हॅड वन’, ‘वुड हॅव’ फक्त ‘तर’कडे. हे वाक्य तिला लगेच कळले, कारण जनमत कौलाची गोष्ट तिने आजोबांकडून कितीदा ऐकलेली.

घरात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात ही सगळी यंत्रणा आधीच तयार असते. त्या यंत्रणेलाच वर्गाबाहेर उभे करून आपण इंग्रजी अवघड करतो आहोत, याचे मला फार वाईट वाटते. शाळांना कळकळीची विनंती आहे: निदान व्याकरणाच्या तासाला ही बंदी उठवा, आणि ‘जर-तर’ शिकवताना फळ्यावर आधी मराठी वाक्य लिहा.

— एक निवृत्त शिक्षिका, साखळी