सिस्टर, राहून गेलेले आभार

वाळपई, सत्तरी

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली, शाल-श्रीफळही झाले. पण ज्यासाठी आभार मानायचे ते बोलायचे राहूनच गेले.

औषधखिडकीवर आणि लॅबमध्ये हिमोग्लोबिन ६, म्हणजे अंगात रक्त फारच कमी, हा कागदावरचा एक आकडा. तुम्ही मात्र तो वाचल्यावाचल्या विचारायचात, "पाळीत दिवसाला पॅड किती लागतात? गाठी पडतात?" कुळागरात (सुपारीच्या बागेत) अनवाणी राबणारी असेल तर हुकवर्मची, म्हणजे आतड्यात रक्त शोषणाऱ्या जंताची शंका आधी. पुरुष असेल तर मूळव्याध, आणि पन्नाशी उलटलेली असेल तर पोट-आतड्याची दुर्बिणीने तपासणी. रक्ताची गळती शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो.

गोळीचेही तेच. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, पण वरून चहा घेतला की त्यातले फारसे अंगी लागत नाही. चहा-कॉफी आणि दूध दोन तास लांब, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी, लिंबूपाणी चालेल. गरोदर बाईला रोज. बाकीच्यांना मळमळ झाली तर दिवसाआड, कारण एका गोळीनंतर हेपसिडिन (लोह आत घेणे रोखणारे संप्रेरक) वाढते आणि जवळजवळ दिवसभर आतडे पुढचे लोह कमीच घेते. शौचाला काळे होणार, हे तुम्ही आधीच सांगून टाकायचात. डांबरासारखे चिकट आणि घाण वासाचे झाले, तर मात्र त्याच दिवशी यायचे.

सलाईनमधून लोह देताना तुमचा हिशेब पाटीवर मांडलेला असायचा. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ६. गाठायचे हिमोग्लोबिन पंधरा, त्यातून सहा गेले नऊ. २.४ हा सूत्रातला ठरलेला आकडा, ५० × ९ × २.४ = १०८०, साठ्याचे ५०० धरून १५८० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी २००, म्हणजे आठ बाटल्या, दिवसाआड. १०० मिली नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) नाही. (रंग अगदी कोऱ्या चहाचा, हा विनोदच म्हणायचा.) आधी साधे सलाईन सोडून शीर नीट आहे ना ते बघायचे, लोह बाहेर झिरपले तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. ॲलर्जीचा झटका आलाच तर म्हणून ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन तयार, संपल्यावर अर्धा तास समोर बसवायचे. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदरपणात हे नाहीच. आणि हिमोग्लोबिन ५ च्या खाली किंवा बसल्याजागी धाप, तर हिशेब मांडत न बसता थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), बांबोळी.

महिन्याभरात एक-दोन ग्रॅम वाढले नाही, तर तुम्ही डोस वाढवत नव्हता. गोळ्यांची पाने मागून घेऊन मोजायचात, मग फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला. पण अंगात ताप-सूज असेल तर ते उगाच चांगले दिसते, ही तुमची ताकीद आता लॅबच्या वहीत पहिल्या पानावर आहे. हिमोग्लोबिन १२ झाले की बायका गोळ्या सोडतात. पुढचे तीन महिने साठ्यासाठी, हे आम्ही आता पाकिटावरच लिहून देतो.

तुमच्या हातचा तक्ता खिडकीच्या काचेवर अजून आहे. ‘चहा’ शब्दाखालच्या दोन रेघा तेवढ्या पुसट झाल्यात. त्या परत मारून घेतो.

आपली,
औषधखिडकी आणि लॅबमधली मंडळी