पप्या, खिंडसीला जाऊन आलो

प्रिय पप्या,

फोनवर तू विचारलं होतं की डिसेंबरात पोट्टे घेऊन येतो तर रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठच्या त्या पार्कात नेण्यासारखं काही आहे का, की उगाच दिवस वाया जाईल. तेव्हा मी "पाहून सांगतो" म्हणून फोन ठेवला. आता पाहून आलो बे, पूर्ण खानदान घेऊन, म्हणून सविस्तर लिहून राहिलो. व्हॉइस नोट पाठवली तर तू ती दीडच्या स्पीडवर ऐकतो आणि अर्धी विसरतो, त्यापेक्षा पत्र बरं.

सरळ सांगतो. ये. पण पाळण्यांसाठी नको येऊ.

आम्ही नागपूरहून दोन गाड्यांनी निघालो. आई-बाबा, आम्ही चौघं, ताई-भाऊजी, त्यांची दोन पोरं आणि भंडाऱ्याहून आलेली मामी. मामी यायला तयारच नव्हती, म्हणे माझं काय काम त्या झुल्यांमध्ये, पण आईने तिला गाडीत बसवूनच घेतलं. आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या होत्या, आलूची कोरडी भाजी, दही, लिंबाचं लोणचं. बायको म्हणाली अशा ठिकाणी गेटवर डबा अडवतात, कशाला एवढं, तर आई म्हणे मग गेटच्या आधी खाऊ. झालंही तसंच. मनसरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला संत्र्याची दुकानं लागली होती, आंबिया बहाराचा माल, तिथेच एका झाडाखाली गाड्या लावल्या आणि साडेनऊलाच सगळ्यांचं जेवण आटपलं. तो संत्रेवाला पण दोन पुऱ्या खाऊन गेला.

रस्ता तुला माहीत आहे, कामठी रोड, ड्रॅगन पॅलेसवरून पुढे, कन्हानचा पूल आणि मग जबलपूर हायवेने मनसर, तिथून उजवीकडे रामटेक. पन्नासेक किलोमीटर. पण आपण होतो तेव्हाचा तो रस्ता विसर, आता गाडी अशी पळते की भाऊजींचं भाषण सुरू होऊन संपायच्या आत मनसर आलं. भाषण मनसरवरच होतं. तिथली मॅंगनीजची खाण, टेकडीवरचं उत्खनन, वाकाटक राजे, दुसरा प्रवरसेन, सगळं. भाऊजी शाळेत इतिहास शिकवतात, त्यांना सुट्टीच्या दिवशी पण वर्ग लागतो. मागून त्यांचाच पोट्टा ओरडून राहिला होता, "पप्पा, कोलंबस आहे का तिथे कोलंबस?" कोलंबस म्हणजे तो जहाजाचा मोठा झुला. प्रवरसेनाचं कोणाला काय पडलंय.

आता पार्क. नाव नाही लिहीत, कारण तिथली दोन-चार गाऱ्हाणी पण सांगणार आहे. अशी सगळीच पार्कं सारखी असतात म्हणा. गेटमधून आत गेलं की पहिल्यांदा आवाज येतो. चार कोपऱ्यात चार स्पीकर आणि प्रत्येकावर वेगळं गाणं. आई पाच मिनिटांत म्हणाली, "मला इथे बोलता येत नाही तर मी आले कशाला?" आणि ती बरोबरच होती. त्यात टोकनचं खिडकीवर एक, झुल्यापाशी दुसरंच, मग परत खिडकी. सावलीला बसायला चार बाकं, त्यावर आधीच एक वऱ्हाड बसलेलं.

पण कोलंबस मजेशीर आहे, ते मान्य. मी मोठ्या पोट्ट्यासोबत बसलो, तेही एकदम मागच्या टोकाला, कारण मधे बसलं तर काही वाटतच नाही. टोक सगळ्यात उंच जातं आणि खाली येताना तुझ्यासोबत सीट पण पडत असते, म्हणून पोटात तो खड्डा पडतो. मी ओरडलो. पोट्टा नाही ओरडला, तो माझ्याकडे पाहून हसून राहिला होता. खाली उतरल्यावर बाबांनी आम्हाला जहाजाच्या पोटाखाली वाकून पाहायला लावलं. तिथे एक रबरी टायर आहे, साधा गाडीच्या टायरसारखा, मोटरवर फिरतो. जहाज खालून जाताना तो टायर त्याच्या बुडाला लागतो आणि दरवेळी थोडा धक्का देतो, बस. थांबवायचं असलं की तोच टायर ब्रेकसारखा दाबतात. एवढ्या मोठ्या जहाजाला एक टायर हलवून राहिला. बाबा आणि ऑपरेटरची पंधरा मिनिटं त्यावर चर्चा, टायर किती दिवसांनी बदलता, हवा किती ठेवता. मागे लाईन लागलेली.

मग बंपर कार. बाबा रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून रिटायर झालेत, तुला माहीतच आहे. ते त्या गाड्यांमागच्या खांबाकडे टक लावून पाहत होते. वर छताला जाळी असते ना, त्यातून करंट येतो, खांबाच्या टोकाची पट्टी जाळीला घासत जाते आणि खालच्या लोखंडी फरशीतून सर्किट पूर्ण होतं. मधून मधून ठिणगी पडते. बाबा म्हणाले, "हा इंजिनाच्या छतावरचा पेंटोग्राफच आहे. फरक एवढाच की आमच्याकडे पंचवीस हजार व्होल्ट, इथे त्याच्या पासंगाला नाही, म्हणून पोट्टे जिवंत आहेत." आणि मग बाबा स्वतः एक गाडी घेऊन बसले बे. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. आयुष्यभर सिग्नल पाळला आणि इथे येऊन सरळ जावयाच्या गाडीवर धडकवली. भाऊजींचा चष्मा पडला. ताई म्हणे, "बाबा मुद्दाम केलं ना?" तर बाबा काहीच बोलले नाहीत, उलटं वळून परत आले.

आता मला जे खटकलं ते ऐक. तलावाकाठचं पार्क म्हणतात, पण आत गेल्यावर तलाव दिसतच नाही. सगळे झुले आत तोंड करून, मधे पत्र्याची भिंत, त्यावर रंगवलेली हत्ती-हरणं, खाण्याच्या टपऱ्यांची पाठ पाण्याकडे. मला पहिल्यांदा तलाव दिसला तो कोलंबस टोकाला गेल्यावर, एका सेकंदासाठी, आणि तेवढ्यात खाली. म्हणजे एवढं पाणी, चहूबाजूंनी जंगलाच्या टेकड्या, आणि लोक पैसे देऊन पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून बसलेत. हेच झुले मीना बाजारात कस्तुरचंद पार्कवर पण लागायचे, आठवतं ना? त्यासाठी रामटेकपर्यंत यायची काय गरज.

तलाव आम्हाला मामीनेच दाखवला. ती आत आलीच नव्हती, बाहेर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसली होती. जेवल्यानंतरचं पान पण तिथेच लावलं तिने. आम्ही शोधत गेलो तर तिच्याभोवती दोन ढिवर, जाळं आवरून बसलेले, आणि गप्पा अशा रंगल्या की तिचंच माहेर असावं. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, तिला तलाव वाचता येतो. ती पोरांना सांगून राहिली होती, ही पाळ इंग्रजांच्या काळची, सूर नदी अडवली आहे, आणि तिकडे खाली जे दिसतंय ना हिरवं-पिवळं ते सगळं धान, हे पाणी गेटातून पाटात जातं आणि पाटातून त्या बांध्यांत. छोटी म्हणाली, म्हणजे हा तलाव खेळायला नाही बांधला? मामी म्हणे, "नाही वं माय, भात खायला बांधला. खेळणं मागून आलं."

मग ढिवरांनी टोपली उघडून दाखवली. रोहू, एक मोठा कतला आणि खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक मरळ. मरळ पाण्याबाहेर पण बराच वेळ जिवंत राहते, हवेतून श्वास घेते ती. छोटीने बोट लावलं तर ती अशी उसळली की पोट्टी थेट मामीच्या मांडीवर. भाऊजींचा पोट्टा पाच मिनिटं थांबला आणि परत बंपर कारकडे पळाला, ते पण खरं आहे, उगाच सगळे निसर्गप्रेमी झाले असं नाही सांगत.

मरळ मामीने लगेच घेतली. भाव करताना तिला पाहायचं होतं तू.

बोटीत आम्ही दुपारनंतर बसलो. स्पीड बोट पण होती पण आम्ही पॅडलवाली घेतली, दोन-दोन जणांनी. पायाने सायकलसारखं मारायचं, मधे एक दांडा असतो तो वळवायला. बायको पॅडल मारत होती आणि मी दांडा धरून होतो, त्यावरून काय ऐकलं ते लिहीत नाही. काठापासून थोडं आत गेल्यावर ती चार गाणी एकत्र होऊन नुसता धुम धुम आवाज उरतो आणि अजून आत गेलं की तोही जातो. पाण्यावर बदकं होती, थंडीतली पाहुणी, बोट जवळ गेली की ओळीने उडायची आणि थोडं पुढे जाऊन बसायची.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. लाइफ जॅकेट. आमच्या बाजूच्या बोटीतला एक जण फोटो खराब येतो म्हणून जॅकेट काढून बसला होता. २०१७ साली जुलैमध्ये वेणा धरणात ती होडी उलटली होती, सेल्फी काढणारी नागपूरचीच पोरं होती, तुला पण तेव्हा मी फोन केला होता. त्यानंतर मी ह्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. आणि लहान पोरांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा आहे का ते पाहा, नसला तर जॅकेट पाण्यात वर सरकून नाकापाशी येतं आणि काही कामाचं राहत नाही. आमच्या छोटीला दिलेल्याचा पट्टा तुटलेला होता, मी दुसरं मागितलं, नंतर तिसरं मागितलं, तिथला पोट्टा वैतागला, वैतागू दे.

चार वाजता रामटेकच्या गडावर गेलो. माकडांनी आईच्या हातातली प्रसादाची पिशवी नेली, नेहमीचंच. तिथला वराह पाहिला का तू कधी? मोठा, एकाच दगडाचा, वाकाटकांच्या काळातला. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी असेल तो अडकतो म्हणतात. पोट्टे तीन-तीनदा जाऊन आले. भाऊजी म्हणे माझे गुडघे दुखतात. ताई म्हणे गुडघेच ना?

गडाच्या तटावरून खिंडसीचं पाणी दिसतं. मी ते पार्क शोधून राहिलो होतो, कुठे आहे, कुठे आहे, आणि सापडायला वेळ लागला. एवढंसं आहे ते.

तर तुझं प्लॅनिंग असं कर. अधिवेशनाच्या दिवसांत नको येऊ, डिसेंबरात मंत्री-आमदार सगळे इकडे असतात, हॉटेल मिळत नाही आणि जिकडे तिकडे बॅरिकेड. नाताळाच्या सुट्ट्यांत पण तिथे पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा जमत असेल तर सोनं. रविवार टाळ. उन्हाळ्यात तर विचारच नको करू, पाणी पार मागे गेलेलं असतं आणि पंचेचाळीसच्या वर पारा, वहिनी परत कधी नागपूरचं नाव घेणार नाहीत. आधीच त्यांचं ठाम मत आहे की आमच्याकडे फक्त ऊन आणि तर्री आहे. त्यांना सांग, थंडीत सकाळी गाडीचा काच खाली करून कन्हानचा पूल पार करायचा आणि स्वेटर घालायचं की नाही ते मग ठरवायचं.

सकाळी सातला निघू. आधी बोट, ऊन चढायच्या आत. मग पोट्ट्यांना पार्कात सोडू, कोलंबस आणि बंपर कार दोनच, बाकी सगळ्यात दम नाही. बाबा सोबत येतील, त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय की पप्या गाडी कशी चालवतो, म्हणजे तू काय ते समज. आपण दोघं पाळीवर बसू. खर्रा नाही मिळणार, तो मी सोडला, तू पण सोडलाच असशील असं धरून चालतो. मामीला भंडाऱ्याहून परत बोलवायचं काम आईकडे दिलंय, फक्त तारीख पाहिजे.

मरळीचा रस्सा त्याच रात्री झाला, सावजी मसाल्यात, आणि मामीने पहिला घास घेऊन सांगितलं की मसाला जास्त झाला, मासोळीची चव मारली. आईला राग आला. तुझ्यासमोर हा वाद परत होईल, तेव्हा कोणाची बाजू घ्यायची ते आत्ताच ठरवून ये, मी मधे पडणार नाही.

तिकीट काढलं की कळव, स्टेशनवर घ्यायला येतो. काकूंना नमस्कार, पोट्ट्यांना पापा.

तुझाच,
बंड्या