काळा पाषाण एकच नाही

संपादक महोदय,

सह्याद्रीवरच्या लेखांत ‘सगळा एकच बेसाल्ट’ असा सूर हमखास असतो. डोळ्यांना तसे वाटते खरे. पण सह्याद्रीतल्या लाव्हाचे बुशे आणि अंबेनळी हे थर मुख्यतः दशलक्षात काही भाग एवढ्याच असणाऱ्या मूलद्रव्यांवरून आणि समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) वेगळे काढले जातात.

शिलारस थंडावताना आधी ऑलिव्हिन हे खनिज गोठते. त्यात निकेल रसाच्या सुमारे दहापट शिरते, झिर्कोनियमला मात्र जागाच मिळत नाही. म्हणून रसाचा दहावा भाग ऑलिव्हिन होऊन तळाशी बसला, की उरलेल्या रसात निकेलचे प्रमाण मूळच्या जेमतेम ३९ टक्के राहते आणि झिर्कोनियमचे ११ टक्क्यांनी वाढते. स्ट्रॉन्शियम प्लॅजिओक्लेज या खनिजात रमते. रुबिडियमपासून कालांतराने स्ट्रॉन्शियम-८७ बनते; म्हणून वर येताना वाटेत जुने, रुबिडियमयुक्त भूकवच रसात विरघळले, तर स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर चढते: अंबेनळीत ते ०.७०४च्या आसपास, बुशेत ०.७१च्या वर.

मात्र नमुना बिघडला तर हे सगळे आकडे फसवे. तांबूस, कुजलेली साल फोडून टाका. झिओलाइट (पाण्यातून नंतर साचलेली खनिजे) भरलेल्या पोकळ्या असलेला तुकडा घेऊच नका. पाण्याने आणलेले स्ट्रॉन्शियम व बेरियम त्यात मिसळलेले असते. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळल्यास टंगस्टन आणि कोबाल्ट दगडात असतात त्यापेक्षा जास्त दिसतात, तिथे अकीकाचाच खल हवा. महाविद्यालयीन प्रकल्पांत नेमकी हीच काळजी टाळली जाते, याची खंत वाटते.

– भूविज्ञानाचा एक अध्यापक, पुणे