डिस्क उलटी करून मोजायला शिकवणाऱ्या टायरवाल्या दादांना

दादा,

नाव विचारलं तर "टायरवाला म्हणा, पुरे" म्हणालात, म्हणून इथेही तेवढंच लिहितो. तोंडावर आभार मानले की तुम्ही फडक्याला हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळता, तेव्हा हे कागदावरच बरं.

तक्रार एका वाक्याची होती. माझी जिम्नी गाडी, 215/75 आर15 टायर, सात इंच रुंद अलॉय डिस्क (टायर बसतो ती रिम), आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाची आतली बाजू आर्मला, म्हणजे पुढचा धुरा गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला, घासते. टायरच्या आतल्या बाजूवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला होता, रबर सोलायला लागलं होतं. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वरंध घाटातल्या वळणाला किंवा पार्किंगमध्ये गाडी काढताना मात्र खर्र आवाज.

ज्यांनी त्या डिस्क बसवून दिल्या, त्यांच्याकडे या आवाजावर उपाय भरपूर होते. मोजपट्टी तेवढी नव्हती. पहिला उपाय: दोन इंचाचा लिफ्ट किट टाका. आता जिम्नीला पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे आणि तो आर्म अ‍ॅक्सललाच बोल्ट केलेला आहे. बॉडी दोन इंच वर गेली तरी चाक आणि आर्म यांच्यातलं अंतर होतं तिथेच राहणार. लिफ्टने लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) आणि मडगार्ड चाकापासून लांब जातात, आर्म जात नाही. हे न कळणाऱ्याने लिफ्ट विकू नये, आणि कळत असून विकत असेल तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. दुसरा उपाय: चाक ज्यावर वळतं त्या नकलवरचा (knuckle) स्टॉप बोल्ट फिरवून आणखी पुढे आणा आणि लॉकच, म्हणजे चाक टोकाला किती वळतं तेच, कमी करा. घासणं थांबतं खरं, पण गाडी वळायला जास्त जागा मागते, आणि अरुंद रस्त्यावर पटकन वळते म्हणून तर माणूस ही गाडी घेतो. तिसरा उपाय: 30 मिमीचे स्पेसर, म्हणजे हब आणि डिस्क यांच्यामध्ये बसणाऱ्या जाड चकत्या. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण तो उपाय निम्मा खरा होता आणि म्हणूनच जास्त फसवा.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे "बाहेरून बघा ना, अगदी कंपनी फिटिंग!" तेही खोटं नव्हतं. चाक मडगार्डच्या बाहेर एक मिलिमीटरही आलं नव्हतं. गडबड तिथेच होती, हे तुम्ही दाखवलंत.

तुम्ही चाक उतरवून पोत्यावर पालथं घातलंत. आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवलीत. टायरच्या फुगवट्यावर नाही, डिस्कच्या धातूच्या कडेला टेकवून. तिथून हबवर टेकते त्या सपाट भागापर्यंत स्टीलची पट्टी उभी धरलीत. आणि आकडा न सांगता दोन्ही पट्ट्या माझ्या हातात दिल्यात. "तुम्ही बघा आणि तुम्ही सांगा."

दादा, सगळ्यात जास्त लागलं ते हेच. गिऱ्हाइकाला आकडा सांगणं सोपं असतं. आकडा त्याला स्वतःला वाचू देणं म्हणजे, उद्या हा दुसऱ्या दुकानात जाऊन मोजेल, माझंही मोजेल, हे मान्य करणं. मागे दोन गाड्या पंक्चरसाठी थांबलेल्या असताना तुम्ही टॉर्च धरून उकिडवे बसलात, पट्टी कलली तर बोटाने सरळ केलीत, आणि वाचून होईपर्यंत गप्प राहिलात. 121 की 122 मिमी यावर डोळे बारीक केले, तर म्हणालात, "एका मिमीने काही होत नाही, तीसने होतं."

मग कंपनीची मूळ डिस्क तशीच पालथी घातली: साडेसत्त्याऐंशी. म्हणजे नव्या डिस्कची कड 34 मिमी आत गेलेली. सगळा घोळ या एका फरकात होता, आणि तो पट्टीशिवाय दिसणं शक्यच नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी हिशोब इथे मांडतो, कारण तुम्ही तो खडूने जमिनीवर मांडलात आणि नंतर पाणी मारून पुसलात. डिस्क सात इंची म्हणतात तेव्हा ते माप टायर बसतो त्या जागेचं असतं. दोन्हीकडच्या कडा धरल्या तर एकूण रुंदी साधारण आठ इंच, म्हणजे 203 मिमी. तिचा अर्धा 101.6, त्यात ऑफसेट (हबवर टेकणारा भाग डिस्कच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते) अधिक 20, की झाले 121.6. पट्टीने मोजलं ते हेच, याला बॅकस्पेसिंग म्हणतात. बरेच जण इथे सातचा अर्धा साडेतीन इंच धरतात आणि अर्धा इंच, म्हणजे जवळजवळ 13 मिमी, कागदावरच हरवून बसतात. मूळ डिस्क साडेपाच इंची, ऑफसेट अधिक 5. एकूण साडेसहा इंच, अर्धा 82.5, अधिक 5, म्हणजे 87.5. पट्टीने दाखवलं तेच.

पण आर्मला घासते ती डिस्कची कड नाही, टायरचा फुगवटा. मूळ 195 चा टायर साडेपाच इंची डिस्कवर 195 मिमीच फुगतो. 215 चा टायर सहा इंची डिस्कवर 215 असतो, पण सात इंचीवर ताणला की 225 च्या आसपास जातो, दर अर्ध्या इंचाला साधारण 5 मिमी. मूळ टायर हबच्या टेकणीपासून आत 102.5 आणि बाहेर 92.5. नवा आत 132.5 आणि बाहेर 92.5. पुन्हा बघा, बाहेरचा आकडा तोच! टायर 30 मिमीने रुंद झाला आणि ती सगळी रुंदी आत ढकलली गेली. "कंपनी फिटिंग" दिसत होतं ते यामुळे.

आता स्पेसर. 30 मिमीचा स्पेसर लावला की अधिक 20 चा ऑफसेट उणे 10 होतो. आतला आकडा परत 102.5 वर, मूळ गाडीसारखा. आर्म सुटला. इथवर ते बरोबर होते. पण बाहेर 122.5, म्हणजे टायरची बाहेरची बाजू मूळपेक्षा 30 मिमी बाहेर. स्टिअरिंग वळवताना टायरची बाहेरची कड मोठा फेर घेते आणि पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे मडफ्लॅपला लागते. चाकाचा मध्य मूळ जागेपासून 15 मिमी बाहेर गेला की बेअरिंगवर ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीला शिमीची (पुढची चाकं थरथरण्याची) सवय आधीच असते, तिला हे निमंत्रण कशाला? शिवाय स्पेसर ज्या नटांनी हबला धरलेला असतो ते चाकामागे लपतात. चाक काढल्याशिवाय पाना लागत नाही, म्हणून कोणी तपासत नाही.

तुम्ही सुचवलेली डिस्क दिसायला साधी. सहा इंची, ऑफसेट शून्य, 5 बाय 139.7 (139.7 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच नट). बॅकस्पेसिंग 88.9, म्हणजे बरोबर साडेतीन इंच, मूळ डिस्कपेक्षा जेमतेम दीड मिमी जास्त. तोच 215 चा टायर त्यावर आत 107.5 आणि बाहेर 107.5. मूळपेक्षा आत 5 मिमी, बाहेर 15 मिमी. लिफ्ट नाही, स्पेसर नाही, कापाकापी नाही.

त्यावरही तुम्ही लगेच पैसे मोजून घेतले नाहीत. एकच डिस्क टायरसकट लावून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवलंत आणि आर्मपाशी बोट घालून पाहिलंत. आर्म सपाट जमिनीवर तपासला तरी चालतो, तो अ‍ॅक्सलबरोबरच हलतो. लायनरचं तसं नाही. म्हणून चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवून, स्प्रिंग दाबून, पुन्हा लॉक टू लॉक. टायरच्या खांद्यावर खडू फिरवला होता, लायनरवर पांढरा डाग आला नाही, तेव्हा म्हणालात, "आता बाकीच्या तीन मागवतो." नट हाताने लावून, चांदणीच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळलेत. इम्पॅक्ट गन बाजूला टांगलेली होती, तिला हात लावला नाहीत.

सचोटी म्हणजे फार मोठं काही असावं असं आपल्याला वाटत राहतं. बहुतेक वेळा ती "माहीत नाही, मोजून सांगतो" एवढ्या वाक्यात मावते. हे वाक्य बोलणारा डॉक्टर, गवंडी, वायरमन सापडला की लोक त्याचा नंबर चार घरी वाटतात, आणि तरीही असं बोलणारे थोडेच. तुमच्याकडे पाटी नाही, गूगलवर तारे नाहीत, चहा मात्र मिळतो. आधीच्या ठिकाणी एसी होता, सोफा होता, डिस्कची भिंतभर मांडणी होती. ऑफसेट विचारला तर "सगळ्या गाड्यांना बसतं" असं उत्तर होतं. सगळ्या गाड्यांना बसेल असा ऑफसेट जगात नाही.

जुन्या चार डिस्क विकायला काढल्या आहेत. घेणाऱ्याला सात इंची, अधिक 20, बॅकस्पेसिंग 121.6 असं लिहूनच देणार. ज्या गाडीला ते माप चालतं तिच्यासाठी त्या चांगल्याच आहेत.

आणि हो, स्पेअरचं राहिलं. मागच्या दारावर अजून 195/80 लटकतोय. त्याचा व्यास 693 मिमी, नव्या टायरचा 703. पंक्चर झालं तर टू व्हील ड्राइव्हमध्ये घरापर्यंत चालेल, पण डांबरी रस्त्यावर गाडी फोर व्हील ड्राइव्हमध्ये टाकायची नाही, हे तुम्ही बजावलंत ते लक्षात आहे. तेव्हा पाचवी डिस्कही तशीच, सहा इंची शून्य ऑफसेटची, मागवून ठेवा. स्पेअरची आतली बाजू दाराकडे असते, तिथेही 5 मिमी कमी होणार आहेत. दाराला टेकत नाही ना, ते बसवताना बघू. शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळायला येणारच आहे, तेव्हाच हेही उरकून टाकू.

आपला,
जिम्नीवाला