दफनभूमीच्या ठरावाबद्दल मधूला

जालना
ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय मधू,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि आधी फोनच उचलला होता. पण फोनवर आपला आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो.

लहानपणी बाप्तिस्मा झालेला असून ज्यांनी मोठेपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला त्यांची नावं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या रजिस्टरातून काढायची आणि त्यांना दफनभूमीत जागा द्यायची नाही, असा ठराव तू कमिटीपुढे मांडणार आहेस. ठरावात नाव कुणाचंच नाही. तरी पहिला नंबर धाकट्याचा लागणार, हे तुला माहीत आहे. आईशेजारची जागा सख्ख्या भावाला मिळू नये, असं तू सही करून देणार आहेस, मधू. मला हे अजिबात पटलेलं नाही.

बाप्तिस्म्याच्या प्रश्नात मी तुझ्याच बाजूचा आहे, हे आधी सांगून टाकतो. लेकराला काही कळायच्या आधीच देव त्याला आपलं म्हणतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने रातोरात घरच्या सगळ्या माणसांसह बाप्तिस्मा घेतला. त्या घरात लेकरं नव्हतीच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 1982 साली पेरू देशातल्या लिमा शहरात निरनिराळ्या मंडळ्यांच्या विद्वानांनी बाप्तिस्म्यावर मिळून मसुदा मंजूर केला. त्यातही बाप्तिस्मा एकदाच, पुन्हा नाही, असंच म्हटलं आहे. आणि तिथे कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते, लेकरांना बाप्तिस्मा न देणारे बाप्टिस्टही होते.

हे सगळं मी धाकट्याला तोंडावर सांगितलं आहे. तो इफिसची गोष्ट काढतो: योहानाचा बाप्तिस्मा झालेल्या शिष्यांना पौलाने पुन्हा प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिलाच ना? मी म्हणतो, अरे, तो योहानाचा होता, तुझा पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला होता. तो म्हणतो, झाला होता, पण तेव्हा माझा विश्वास कुठे होता? मग त्याची बायको ताटं घेते आणि आम्ही जेवायला बसतो. जेवताना पुन्हा तेच सुरू होतं. यात वाईट काय आहे? आपल्या वडीलधाऱ्यांनीही असेच वाद घातले.

त्याने बाप्तिस्म्याला तुलाही बोलावलं होतं. तू गेला नाहीस, मी गेलो. बदनापूरच्या बाजूला एका विश्वासी शेतकऱ्याचं शेततळं आहे, तिथे होता. मार्चमध्ये आपल्याकडे नदीला कुठलं पाणी! शेततळ्याचा काळा कागद किती निसरडा असतो तुला माहीत आहे, म्हणून काठावर पहार ठोकून दोर सोडला होता आणि एकेक जण तो धरून खाली उतरत होता. त्यांचे पाळक छातीभर पाण्यात उभे होते. धाकट्याने चपला काढल्या, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि दोर दोन्ही हातांनी गच्च धरला. पाण्याला तो लहानपणापासून किती भितो! बारवेच्या पायऱ्यांवरसुद्धा तो आपल्याबरोबर कधी उतरला नाही, सगळ्यांचे कपडे सांभाळत वरच बसायचा. त्या पाण्यात शेवटची दोन पावलं उरली तेव्हा त्याने दोर सोडला. मधू, तिथे जे झालं त्याच्या अर्थाबद्दल माझं त्याच्याशी आजही जमत नाही. पण त्याचा विश्वास खोटा आहे, तो कुणाच्या तरी नादी लागला आहे, असं मी म्हणणार नाही. मी ते जवळून पाहिलं आहे.

1527 च्या जानेवारीत झुरिकमध्ये फेलिक्स मांझ नावाच्या माणसाला लिमाट नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर मोठेपणी, स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्माच खरा, असं तो शिकवत होता आणि तसा देतही होता. मारणारे पोपचे लोक नव्हते. नुकतेच रोमपासून वेगळे झालेले, बायबल हातात घेतलेले, आपल्या सुधारलेल्या मंडळीचे लोक होते. लेकरांच्या बाप्तिस्म्याबद्दल त्यांचं मत तुझ्यामाझ्यासारखंच होतं. म्हणून त्यांचं कृत्य योग्य ठरतं का? तू कुणाला पाण्यात बुडवत नाहीस, मान्य. पण मेल्यावर माती नाकारणं त्याच वाटेवर आहे.

आणि लांब झुरिकला कशाला जायचं? जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींचंच घे. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा पोर, मिशनऱ्यांकडे राहिला, त्यांच्यात जेवला. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पण पोर घरी आलं तरी जात त्याला आत घेईना! बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले, तर त्यांच्यावरच बहिष्काराची पाळी आली. बारा वर्षांच्या पोराने कुणाच्या पंगतीत घास घेतला, एवढ्यावरून सगळी मुंबई पेटली होती. ज्या नारायणरावांच्या धाकट्या भावावर हे गुदरलं, त्यांनीच पुढे निजामाच्या मुलखात येऊन, ज्यांना गावात कुणी उभं करत नव्हतं त्यांना मंडळीत घेतलं.

आपण त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं आहोत. आपल्या पणजीला गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाही तर तशीच घागर घेऊन परत. गावचं मसणवटंसुद्धा आपल्यासाठी वेगळं होतं. मिशनच्या जागेत सगळ्यांना एका रांगेत माती मिळू लागली, हे आपल्या माणसांना किती मोठं वाटलं असेल! त्याच रांगेतून आता आपण आपल्याच माणसाला उठवणार?

तू लिहितोस, ‘मग काहीही खपवून घ्यायचं का?’ नाही. धाकट्याच्या मंडळीच्या सभेत एका बाहेरच्या प्रचारकाने साखरेच्या आजाराच्या बाईला गोळ्या बंद करायला सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्यांची गरज नाही म्हणाला. मी उठून तिथल्या तिथे विरोध केला, बाईच्या मुलाला घेऊन डॉक्टरकडे गेलो. पुन्हा असं झालं तर पुन्हा भांडेन, आणि त्या वेळी तू माझ्याबरोबर असावंस. माणसाच्या जिवाशी खेळ चालला तर गप्प बसणं पाप आहे. पण पाणी शिंपडायचं की बुडवायचं, प्रार्थनेत अन्य भाषा बोलायच्या की नाही, टाळ्या वाजवायच्या की ‘उपासना संगीत’ या भजनांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं भजन पेटीवर म्हणायचं, यावर दफनभूमीचं फाटक बंद करायचं नाही.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात आमची उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन असे कितीतरी एकत्र आले. लेकरांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत राहतील, असं त्यांनी ठरवलं. बाप्टिस्टांना ते सोपं गेलं नसेल, आमच्या लोकांनाही नाही. आणि तुमचे अमेरिकन मेथडिस्ट? इतकी वर्षं बोलणी करून ऐन वेळी बाहेर राहिले. म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी तुला कधी प्रभुभोजन नाकारलं का?

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत ख्रिस्ती शंभरात एकही पुरते नव्हते. माणसं थोडी आहेत म्हणून एकत्र राहू, असं मी म्हणत नाही. कोट्यवधींनी असतो तरी हेच म्हटलं असतं. पण एवढ्याशा लोकांनी एकमेकांना मातीसुद्धा नाकारावी, याचं दुःख जास्त होतं.

चूक धाकट्याचीही आहे. तुमच्या मंडळीला तो ‘मृत मंडळी’ म्हणतो, आईचा बाप्तिस्मा झालाच नव्हता असं तिच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर बोलला. ते मला तुझ्याइतकंच लागलं. मी त्याला म्हणालो, ज्या बाईने तुला गुडघ्यावर बसून प्रार्थना शिकवली, तिला तू अविश्वासी ठरवतोस? तो बराच वेळ बोलला नाही. त्याने तुझी माफी मागायला हवी, आणि ते मी त्याच्याकडून करून घेईन. रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय काढ. सगळं खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असं पौल दोघांनाही बजावतो. एकाला सांगून दुसऱ्याला सोडत नाही.

कमिटी रविवारी उपासनेनंतर आहे ना? मी शनिवारी दुपारच्या बसने निघतो, धाकट्याला बरोबर आणतो. तो यायला तयार आहे, मी विचारलं आहे. मुक्काम तुझ्याकडेच. रात्री काय भांडायचं ते भांडू, बायबल मध्ये ठेवून सकाळपर्यंत बसलो तरी चालेल. पण तोपर्यंत ठरावाचा कागद सेक्रेटरींकडे देऊ नकोस. दिला असशील तर उद्याच्या उद्या परत माग.

वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझा,
शरद