बाबांच्या अखेरच्या दिवसांसाठी, फादर, आपले आभार

आदरणीय फादर,
सादर प्रणाम.

बाबांना जाऊन महिना लोटला. त्या गडबडीत आपल्याशी नीट बोलणे झाले नाही, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

आपण आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या या स्थानिक विभागात, येण्याच्या कितीतरी आधी, एका वादानंतर बाबांनी चर्चची पायरी चढणे सोडले होते. त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारी, नागपुरातल्या आमच्या सदर भागातले रस्ते उन्हाने ओस पडलेले असताना, आपण स्कूटरवरून आमच्या दारात उतरलात तेव्हा आम्हाला धास्तीच वाटली. आपण मात्र चर्चचा विषयही काढला नाही. माठातले पाणी प्यायलात, पलंगाशेजारी स्टूल ओढून बसलात आणि बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी तासभर ऐकत राहिलात.

तिसऱ्या भेटीत बाबांनीच आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितले. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूंना कोणत्याही परिस्थितीत उघड करता येत नाही, हे ठाऊक असल्याने आम्ही आपल्यालाही काही विचारले नाही आणि त्यांनाही नाही. दार उघडले तेव्हा आपण पिशवीतून ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे पवित्र भाकरीची, छोटी गोल डबी काढत होता आणि बाबांनी सदऱ्याचे वरचे बटणसुद्धा लावून घेतले होते. पाण्याचा पेला धरतानाही थरथरणारे त्यांचे हात, आपण तळव्यांना पवित्र तेल लावत असताना, चादरीवर शांतपणे उघडे होते.

दफनविधीनंतर मी ऑफिसात आपल्याला म्हणालो की, बाबा इतकी वर्षे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या वेदीवरच्या उपासनेला, आले नाहीत याचे वाईट वाटते. त्यावर आपण सांगितलेत की दर रविवारी एक मिस्सा पॅरिशमधील सर्व लोकांसाठी, कोणाचेही दान न स्वीकारता, अर्पण करणे हे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्यच असते. म्हणजे बाबा घरी बसून राहिले त्या प्रत्येक रविवारीही वेदीपाशी त्यांच्यासाठी प्रार्थना होत होती. आधी आपल्या पूर्वसुरींकडून, मग आपल्याकडून. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते, आणि मला वाटते, बाबांनाही नसावे.

मग आपण बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढलीत. नागपूर धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला त्याच १९५३ सालच्या पानावर बाबांचे नाव होते आणि समासात त्यांच्या लग्नाची नोंद. आईने त्या ओळीवरून बोट फिरवले. मृत्यूच्या नोंदवहीत लिहिताना आपण त्यांच्या नावाचे स्पेलिंग मला दोनदा विचारून घेतलेत.

आपला कृतज्ञ,
बाबांचा धाकटा मुलगा
सदर, नागपूर